मोडीतल्या पातेल्यात किती वीज असते?

भोसरीत ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारा माझा एक मित्र आहे. त्याच्या इटलीतल्या गिऱ्हाइकाने त्याला एक फॉर्म पाठवला. नग किती, वजन किती, हे नेहमीचंच. पण मधल्या एका रकान्यात विचारलं होतं, की या मालातल्या एक टन धातूमागे हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला? मित्र वैतागला. "अरे, माझ्याकडे गॅसची भट्टी. इनगॉट वितळवतो, साच्यात ओततो, घासूनपुसून पाठवतो. यांना एवढा धूर दिसला कुठे?"

मूळ धूर त्याच्या शेडमध्ये नाहीच. तो असतो इनगॉटच्या, म्हणजे त्या धातूच्या विटेच्या, जन्मगावी. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आणि त्यात पोलाद, सिमेंट, खतं यांच्या पंगतीला ॲल्युमिनियमही बसलं. तेव्हापासून 'हरित ॲल्युमिनियम', 'कमी कार्बनचं ॲल्युमिनियम' असे शब्द बातम्यांत येतात. चांदीसारखी दिसणारी, गंज न चढणारी ही वस्तू. तिच्यात हिरवं काय आणि काळं काय? त्यासाठी ती बनते कशी, हे मुळापासून पाहायला हवं.

घरोघरी होतं, पण कुणाला दिसलं नाही

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे. धातूंमध्ये पहिला नंबर त्याचा, लोखंडाचा त्याच्यानंतर. तरी लोखंड माणसाच्या हातात हजारो वर्षं आहे आणि ॲल्युमिनियम जेमतेम दोनशे. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ते पहिल्यांदा वेगळं केलं १८२५ मध्ये, तेही अशुद्ध आणि चिमूटभर.

याचा अर्थ ते आपल्याकडे नव्हतं असा नाही. गढूळ पाण्यात फिरवायची तुरटी, न्हावी दाढी झाल्यावर गालावर घासतो ती तुरटी, हा ॲल्युमिनियमचाच क्षार. धातूचं नावसुद्धा तुरटीच्या लॅटिन नावावरून पडलं. कोकणातल्या घरांचा जांभा दगड घ्या, त्यातही ते आहे. फक्त कुठेच सुटं नाही.

कारण एकच, ऑक्सिजन. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची गाठ अशी पक्की की ती सुटता सुटत नाही. लोखंडाच्या खनिजातही ऑक्सिजन असतो, पण तिथे कोळसा घालून भट्टी पेटवली की कोळसा तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. गावच्या लोहाराच्या पूर्वजांनाही हे जमलं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत नेहमीच्या भट्टीच्या तापमानाला कोळशाची ही मात्रा चालत नाही.

उलट ॲल्युमिनियमच दुसऱ्याचा ऑक्सिजन हिसकावून घेतं. रेल्वेचे रूळ जोडताना कधी पाहिलंय? लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी एका भांड्यात घालून पेटवतात. ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं, एवढी उष्णता निघते की लोखंड पाण्यासारखं वितळून खाली रुळांच्या फटीत उतरतं. थर्मिट वेल्डिंग म्हणतात ते हेच.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ॲल्युमिनियम ऑक्सिजनला भेटतं तेव्हा जेवढी ऊर्जा बाहेर पडते, निदान तेवढी तरी त्यांना तोडताना आपल्याला पदरची घालावी लागते. त्यात सूट नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी ओढ आहे तर आमची घरातली जर्मनची पातेली का गंजत नाहीत? गंजतात की. धातू उघडा पडला की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, डोळ्याला न दिसणारा. फरक असा की लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हा थर मात्र घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. आंबट त्याला खातं. म्हणून तर जर्मनच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू नये, असं घरच्या बायका सांगत आल्या.

अर्धं काम पावसाने केलेलं

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या आणि चंदगडकडच्या सड्यांवरून तांबूस दगड भरलेले ट्रक वर्षानुवर्षं बेळगावकडे जात आले आहेत. तो दगड म्हणजे बॉक्साइट, ॲल्युमिनियमचं मुख्य खनिज. नाव फ्रान्समधल्या ले बो या गावावरून पडलं, तिथे १८२१ मध्ये त्याची ओळख पटली.

बॉक्साइट हा जांभ्याचा सख्खा भाऊ. सह्याद्रीचा काळा कातळ लाखो वर्षं मुसळधार पावसाखाली भिजत आणि उन्हात तापत राहिला. पाण्याने त्यातली वाळूची जात, म्हणजे सिलिका, आणि इतर क्षार हळूहळू धुऊन नेले. जे विरघळत नाही ते मागे राहिलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड जास्त राहिलं तिथे जांभा, ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट. म्हणून हे खनिज पठारांच्या माथ्यावर, वरच्या वरच सापडतं आणि उघड्या खाणीतून काढतात. देशातला त्याचा मोठा साठा ओडिशात आहे. कोरापुट जिल्ह्यातलं पंचपटमाळी हे त्यातलं मोठं नाव.

मग साध्या मातीतून का काढत नाहीत? चिकणमातीतही ॲल्युमिनियम भरपूर असतं. पण तिथे ते सिलिकाशी गुंतलेलं असतं आणि तो गुंता सोडवण्याचा खर्च परवडत नाही. बॉक्साइटमध्ये तो गुंता पावसाने आधीच सोडवून दिलेला असतो, फुकट.

विरजण लावायचं

इथून कारखाना सुरू होतो आणि तोही एक नाही, दोन. बरेच लोक इथे गोंधळतात. पहिल्या कारखान्यात, म्हणजे रिफायनरीत, धातू बनतच नाही. तिथून बाहेर पडते पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी, ॲल्युमिना. ॲल्युमिनियम अधिक ऑक्सिजन, बाकी काही नाही. बेळगावला जो कारखाना आहे तो या पहिल्या प्रकारचा.

पद्धत १८८८ ची आहे. कार्ल योझेफ बेयर हा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ रशियात काम करत होता. त्याच्या डोक्यात धातू नव्हताच. कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी शुद्ध ॲल्युमिना हवी होती. रंगाऱ्यांची सोय करता करता त्याने एक आख्खा उद्योग उभा करून दिला.

बॉक्साइट दळतात आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात, दाबाखाली शिजवतात. आपला कुकरच, फक्त इमारतीएवढा. खनिज मऊ जातीचं असेल तर १४० ते १५० अंश सेल्सिअसला भागतं, चिवट असेल तर २४० च्या वर जावं लागतं. ॲल्युमिना सोड्यात विरघळते. लोखंड विरघळत नाही. ते लाल गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी निवळून, गाळून घ्यायचं.

आता त्या स्वच्छ पाण्यातून ॲल्युमिना परत बाहेर काढायची कशी? नुसतं थंड करून ती सहजासहजी येत नाही. इथे बेयरने जे केलं ते मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येतं: विरजण. आधी तयार झालेले ॲल्युमिनाचे बारीक खडे त्या पाण्यात टाकायचे आणि ढवळत ठेवायचं. विरघळलेली ॲल्युमिना त्या खड्यांवर येऊन बसते, खडे मोठे होतात, नवे होतात. दही लागायला रात्र पुरते, याला एक-दोन दिवस लागतात. जाड खडे पुढे जातात, बारीक खडे उद्याच्या विरजणाला मागे ठेवतात. सोड्याचं पाणीही पुन्हा पहिल्या टाकीत. शेवटी ते खडे १,००० अंशांच्या आसपास भाजले की आतलं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते.

हिशोब ढोबळ असा: चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि दोन टन ॲल्युमिनापासून एक टन धातू.

चहातली साखर

दुसरा कारखाना स्मेल्टर. खरी कुस्ती इथे.

ॲल्युमिनातून ऑक्सिजन तोडायला कोळसा पुरत नाही, तर वीज लावायची. पण वीज जायला वस्तू पातळ हवी आणि ॲल्युमिना वितळते दोन हजार अंशांच्या वर. एवढ्या तापमानाला भांडं कशाचं करणार? हा पेच १८८६ पर्यंत सुटला नव्हता. तोवर रासायनिक उपायांनी थोडं थोडं ॲल्युमिनियम बनत होतं आणि ते मौल्यवान धातूंच्या रांगेत होतं. अमेरिकेने १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मोठ्या कौतुकाने बसवलं ते जवळपास तीन किलोंचं ॲल्युमिनियमचं टोपण.

उत्तर चहाच्या कपात आहे. साखर वितळवायची तर कढई चांगलीच तापवावी लागते. पण तीच साखर चहात सहज विरघळते. वितळवण्याऐवजी विरघळवायची! ॲल्युमिनासाठी तसा 'चहा' म्हणजे क्रायोलाइट नावाचं खनिज. ते हजार अंशांच्या आसपास वितळतं आणि त्यात ॲल्युमिना विरघळते. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघांना हे एकाच वर्षी, १८८६ मध्ये, एकमेकांचा पत्ता नसताना सापडलं. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यू १९१४ चा. योगायोगाला काही सुमार! क्रायोलाइट सुरुवातीला ग्रीनलंडच्या खाणीतून यायचं. ती खाण संपली आणि आता ते कारखान्यातच बनवतात.

आजही जगातलं जवळजवळ सगळं नवं ॲल्युमिनियम याच पद्धतीने निघतं. सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ कल्पना एकशे चाळीस वर्षं बदललेली नाही.

पॉटरूममध्ये

काही वर्षांपूर्वी एका स्मेल्टरची पॉटरूम आतून पाहायला मिळाली. दारावरच घड्याळ, मोबाइल, एटीएम कार्ड काढून ठेवायला लावलं. "छातीत पेसमेकर नाही ना?" हा प्रश्न दोनदा विचारला. खिशात किल्ल्यांचा जुडगा चुकून राहिला होता. आत गेल्यावर तो बाहेर काढला, तर किल्ल्या खाली लोंबेनात. तळहातावर तिरक्या उभ्या राहिल्या आणि कुणीतरी ओढतंय तशा थरथरायला लागल्या. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व तयार होतं हे शाळेत घोकलं होतं, हाताला कळलं त्या दिवशी.

शेड केवढी? या टोकाचा माणूस त्या टोकाहून ओळखू येत नाही एवढी. दोन्ही बाजूंना ओळीने पॉट. एक पॉट म्हणजे लोखंडाची लांबट पेटी, आतून कार्बनचं अस्तर. ते अस्तर विजेचं एक टोक. वरून टांगलेले टनभर वजनाचे कार्बनचे ठोकळे हे दुसरं टोक. मध्ये ९५०-९६० अंशांचं क्रायोलाइट. वरून ते दिसत नाही, भाकरीच्या पापुद्र्यासारखं त्यावर कडक कवच असतं. थोड्या थोड्या वेळाने एक पहार आपोआप खाली येते, कवचाला भोक पाडते आणि त्यातून किलो-दोन किलो ॲल्युमिना आत पडते. भोकातून पिवळी ज्योत डोकावते, इतकंच.

आत चाललेलं काम असं. वीज ॲल्युमिनाची फोड करते. ॲल्युमिनियम खाली बसतं, कारण वितळलेल्या क्रायोलाइटपेक्षा ते किंचित जड असतं. ऑक्सिजन वरच्या कार्बनच्या ठोकळ्याकडे जातो, त्याला जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणजे कोळसा एकट्याने जे करू शकत नव्हता, ते विजेच्या मदतीने करतो आणि स्वतः खर्ची पडतो. एक टन धातूमागे चारशे किलोंच्या वर कार्बन जळतो. साधारण चार आठवड्यांत ठोकळ्याचं नुसतं थोटूक उरतं, मग नवा टांगायचा.

मला सगळ्यांत आवडली ती पॉटच्या भिंतीची युक्ती. वितळलेलं क्रायोलाइट जवळपास काहीही खाऊन टाकतं. मग त्याला ठेवायचं कशात? त्याच्याच बर्फात! पॉटच्या बाजू बाहेरून जरा थंड ठेवतात, तिथे क्रायोलाइट गोठतं आणि गोठलेल्या क्रायोलाइटच्या भिंतीत वितळलेलं क्रायोलाइट राहतं. उष्णता जास्त झाली की भिंत विरघळते, कमी झाली की पॉटच गोठायला लागतो. या दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेवर वर्षानुवर्षं, रात्रंदिवस चालायचं.

आता विजेचे आकडे. एका पॉटला लागणारा दाब फक्त चार-साडेचार व्होल्ट, मोबाइलच्या साध्या चार्जरहूनही कमी. पण प्रवाह? घरातल्या गीझरला दहा अँपिअर लागतात. इथे तीन लाख, काही ठिकाणी पाच लाख. दिवाळीच्या माळेतल्या दिव्यांसारखे शेकडो पॉट एकामागे एक जोडलेले असतात आणि तोच प्रवाह सगळ्यांतून जातो. तीन लाख अँपिअरचा एक पॉट दिवसाला साधारण सव्वादोन टन धातू देतो. तो पंप लावून, नळीने ओढून, भल्यामोठ्या झाकणबंद भांड्यात काढून नेतात.

एका कुकरची किंमत अठ्ठावीस युनिट

एक किलो ॲल्युमिनियम काढायला स्मेल्टरमध्ये साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. १४ धरू. तुमचा दोन किलोंचा कुकर म्हणजे २८ युनिट. घरचं विजेचं बिल काढून बघा, किती दिवसांची वीज कट्ट्यावर शिट्ट्या मारतेय ते कळेल. वर्षाला तीन लाख टनांचा स्मेल्टर असेल तर त्याला अखंड, पाऊण मिनिटाचाही खंड न पडता, सुमारे ४८० मेगावॅट लागतात.

म्हणून हा उद्योग खनिजाच्या मागे धावत नाही, विजेच्या मागे धावतो. आइसलँडमध्ये बॉक्साइटची खाण नाही, तरी तिथे तीन स्मेल्टर आहेत. ॲल्युमिना जहाजाने येते, धबधब्यांची स्वस्त वीज लागते, धातू जहाजाने जातो. थोडक्यात, तो देश वीज निर्यात करतो, धातूच्या रूपात. आपल्याकडे हिंदाल्को ही कंपनी १९६२ मध्ये उत्तर प्रदेशात रेणुकूटला सुरू झाली ती रिहंद धरणाच्या विजेच्या भरवशावर. बाल्कोचा कारखाना छत्तीसगडच्या कोरब्याला, कोळशाच्या उशाशी. नाल्कोची खाण आणि रिफायनरी कोरापुटच्या डोंगरात, पण स्मेल्टर दूर अंगुलला, तोही कोळशाशेजारी. रत्नागिरीजवळही बाल्कोचा प्रकल्प व्हायचा होता. जमिनी घेतल्या गेल्या, कारखाना काही उभा राहिला नाही. रत्नागिरीकरांच्या तोंडी 'बाल्कोची जागा' तेवढी राहिली.

आता मित्राच्या फॉर्मकडे. कोळशावर बनलेल्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन ॲल्युमिनियमला १४,००० युनिट. म्हणजे नुसत्या विजेचा धूर झाला १४ टनांच्या घरात. कार्बनच्या ठोकळ्यांचा दीड टन वेगळा, रिफायनरीतली वाफ आणि भाजणीचा आणखी वेगळा. हाच धातू धरणाच्या विजेवर काढला तर विजेचा आकडा जवळपास पुसलाच जातो आणि सगळं मिळून चार टनांच्या आसपास राहतं. दोन इनगॉट शेजारी ठेवा, रंग तोच, वजन तेच, शुद्धता तीच. पण एकामागचा धूर दुसऱ्याच्या चौपट. 'हरित' आणि 'काळं' म्हणजे एवढंच.

यात एक मेख आहे आणि ती बातम्यांत फारशी येत नाही. युरोपच्या करात सध्या ॲल्युमिनियमसाठी विजेमागचा धूर मोजत नाहीत. कारखान्यात थेट निघालेलाच धरतात. म्हणजे मोठा आकडा बाहेर आणि लहान आकडा हिशोबात. त्यामुळे आपल्या निर्यातदारांना आजचा चटका वाटतो त्यापेक्षा सौम्य आहे. पण गिऱ्हाईक विचारतं ते पूर्ण आकड्याबद्दल, कारण त्यालाही त्याच्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं असतं. शिवाय कर आज असा आहे तो उद्या तसाच राहील, यावर धंद्याचा हिशोब मांडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

"मग सौर वीज लावा की!"

लावताहेतही. पण सूर्य सहाला मावळतो आणि पॉटला संध्याकाळ कळत नाही. वीज चार-पाच तास गेली की क्रायोलाइट आणि धातू दोन्ही गोठायला लागतात. गोठलेला पॉट म्हणजे दगड. तो पुन्हा चालू करणं हे नुसतं बटण दाबण्याचं काम नाही. बऱ्याचदा अस्तर फोडून नवं घालावं लागतं. त्यामुळे सौर, वारा, पाणी उचलून साठवणारी धरणं, बॅटऱ्या असं सगळं एकत्र बांधून चोवीस तासांची वीज करावी लागते. होईल, पण भाव पाहावा लागेल, कारण ॲल्युमिनियमच्या खर्चात विजेचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो.

दुसरा प्रयत्न कार्बनचा ठोकळाच बदलण्याचा. न जळणारं टोक वापरलं तर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन बाहेर पडेल. त्यासाठी अल्कोआ आणि रिओ टिंटो या ॲल्युमिनियमच्या बड्या कंपन्यांनी २०१८ मध्ये कॅनडात एलिसिस ही कंपनी काढली. कल्पना सुंदर आहे. पण क्रायोलाइट सगळं खातं हे वर आलंच, त्याला पुरून उरणारं टोक बनवणं हीच अडचण. शिवाय कार्बनची मदत गेली की विजेची गरज वाढते, हेही कुणी फार मोठ्याने सांगत नाही.

लाल गाळ

रिफायनरीत तळाशी बसलेल्या गाळाला आपण मघाशी सोडून पुढे आलो. कारखान्यांना तसं करता येत नाही. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल गाळ निघतो, सोड्याने भिजलेला, कातडी भाजेल असा. तो तळ्यांत साठवत राहायचा, तळ्याचे बांध वाढवत राहायचे. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयका इथल्या तळ्याचा बांध फुटला. लाल लाट कोलोंतार आणि देवेचेर या गावांत घुसली, दहा माणसं गेली, मार्त्साल नदीतले मासे संपले. त्यानंतर गाळ दाबून, पाणी पिळून, कोरडा रचण्याकडे कल वाढला. थोडा गाळ सिमेंटमध्ये जातो. त्यात लोखंड आहे, स्कँडियमसारखे महागडे धातूही आहेत, ते काढण्याचे प्रयोग चालू आहेत. नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमवरच काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथेही यावर काम होतं. पण निघणारा गाळ आणि वापरला जाणारा गाळ यांचा मेळ जगात कुठेच बसलेला नाही.

आणि गाळाच्या आधी डोंगर. बॉक्साइट माथ्यावर असतं, म्हणजे खाण म्हणजे डोंगराचा माथा काढणं. त्या सच्छिद्र माथ्यातच पावसाचं पाणी मुरतं आणि खालचे झरे बारमाही राहतात. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तर डोंगर हाच देव. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी खाणीला नकार दिला. पायथ्याशी लांजीगडला रिफायनरी आधीच उभी होती. तिला बॉक्साइट दुसरीकडून आणावं लागलं.

सोऱ्या आणि घडीची पोळी

धातू मिळाल्यावरचं काम तुलनेने सुखाचं. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात जरुरीप्रमाणे मॅग्नेशियम, सिलिकॉन, तांबं मिसळतात. खिडकीचे जे 'सेक्शन' फॅब्रिकेटर कापत बसतो, ते म्हणजे निव्वळ सोऱ्याचं काम. धातूचा ओंडका ४५० ते ५०० अंशांना तापवायचा, वितळवायचा नाही, आणि ताकदीच्या दाबाने पोलादी चकतीतून दाबायचा. चकतीचं भोक जसं, तशी शेव.

पत्रा म्हणजे लाटणं. जाड लादी रुळांतून पुन्हा पुन्हा काढायची. आपल्याकडे तळोजा, मौदा इथे हे होतं. डब्यात पोळ्या गुंडाळायची फॉइल इतकी पातळ असते की शेवटच्या फेरीत एकटी लाटली तर फाटेल. म्हणून दोन थर एकावर एक ठेवून, मध्ये तेलाचा पुसट हात देऊन लाटतात आणि मग सोडवतात. अगदी घडीच्या पोळीचे पदर. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना लागलेली बाजू मंद राहते. पदार्थ कुठल्या बाजूने गुंडाळायचा यावर वाद घालणाऱ्यांनी वाद मिटवावा. काही फरक पडत नाही.

मोड

ॲल्युमिनियमचा ऑक्सिजन एकदा तोडला की तोडला. पुन्हा वितळवताना ते युद्ध परत लढायचं नसतं, ६६० अंशांच्या वर तापवलं की धातू पातळ. म्हणून मोड वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. भंगारवाला लोखंडापेक्षा जर्मनला कितीतरी चढा भाव देतो तो त्याच्या चकाकीला नव्हे. आत घातलेली वीज तशीच शिल्लक असते, तिचे पैसे आहेत ते.

मग सगळं मोडीतूनच का भागवत नाहीत? एक तर माल हाती येत नाही. आज बसवलेली खिडकी तीस-चाळीस वर्षांनी निघेल, विजेच्या तारा त्याहून उशिरा, आणि मागणी तोवर वाढलेली असते. दुसरं म्हणजे मिसळण. सिलिकॉन भरपूर असलेलं इंजिनचं ओतकाम आणि खिडकीचा सेक्शन एकाच भट्टीत गेले, की त्या रसाची पुन्हा फॉइल होत नाही. पालेभाजी निवडल्यासारखी मोड निवडावी लागते. आपल्याकडे ते काम अजूनही बरंचसं माणसाच्या डोळ्यांनी आणि हातोडीच्या ठोक्याच्या आवाजाने होतं.

हे सगळं मित्राला फोनवर सांगून झाल्यावर मी विचारलं, "इनगॉट कुठला घेतोस तू?"

"एडीसी-१२. बाकीचे घेतात तोच."

हे मी त्याला पहिल्याच वाक्यात विचारायला हवं होतं. एडीसी-१२ ही ओतकामाची जात आणि आपल्याकडे ती मुख्यतः मोडीपासूनच बनते. चौदा हजार युनिट वीज त्यात आहे, पण ती पूर्वीच कधीतरी, दुसऱ्याच कुणाच्या नावावर खर्ची पडलेली. त्याने पुरवठादाराला फोन लावला आणि मोड येते कुठून म्हणून विचारलं. पलीकडचा म्हणाला, "कंटेनरमधून येते साहेब. जुने गिअर बॉक्स असतात, चाकं असतात. परवा एकात क्रिकेटचे स्टंप निघाले."

फॉर्मच्या त्या रकान्यात आता एक छोटा आकडा आहे. 'मालाचे मूळ' या रकान्यात काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.